सल्फेट घातल्यावर पॉलिमरचं द्रावण 25 अंशालाच दुधाळ का होतं?

प्रश्न – प्रयोगवही
एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी पीनायपामचं (गार पाण्यात विरघळणारा, तापवलं की बाहेर पडणारा पॉलिमर) 1 टक्का द्रावण करतेय. डिस्टिल्ड पाण्यात ते 32 अंशांना दुधाळ होतं, पुस्तकात आहे तसंच. (इथे जळगावात एप्रिलमध्ये प्रयोगशाळाच त्याहून तापलेली असते, म्हणून बीकर बर्फात ठेवूनच पॉलिमर विरघळवते.) 0.2 मोलर मीठ घातलं तर 30 च्या आसपास दुधाळ झालं. तेवढंच सोडियम सल्फेट घातलं तर 25 लाच! तीनदा करून बघितलं. सल्फेटवर दोन भार, सोडियमही दुप्पट. मग आयनिक तीव्रता (द्रावणातल्या आयनांची संख्या आणि भार मिळून येणारं माप) जास्त म्हणून असं होतं का?

उत्तर – जुना रसायनवाला
नुसत्या तीव्रतेने हे सुटत नाही. मिठाऐवजी 0.2 मोलर सोडियम थायोसायनेट घेऊन बघ. सोडियम तेवढाच, तीव्रताही तेवढीच. तरी दुधाळ व्हायचं तापमान उतरायचं सोडून किंचित चढेल. पॉलिमरच्या या लांब साखळीवर भारच नाही. खरा फरक पडतो तो ऋण आयन कोणता यावर. फ्रान्झ हॉफमाइस्टर यांनी 1888 मध्ये प्रागला अंड्याच्या पांढऱ्यातली प्रथिनं निरनिराळ्या क्षारांनी खाली बसवली, तेव्हापासून कोणता आयन किती जोराने खाली बसवतो हा क्रम माहीत आहे.

साखळीतले अमाइड गट (नायट्रोजन आणि ऑक्सिजन असलेले, पाणी आवडणारे भाग) पाण्याच्या रेणूंना धरून विरघळलेले असतात. सल्फेट पाण्याला घट्ट धरतं, त्यामुळे अमाइडची पकड ढिली पडते. शिवाय साखळीच्या तेलकट भागांना असं खारं पाणी अधिकच नकोसं होतं. साखळ्या मग थोड्या उष्णतेनेही गोळा होतात. थायोसायनेटची पाण्यावरची पकड सैल. ते थेट साखळीलाच चिकटतं आणि तिला विरघळलेलं ठेवतं. ते फार वाढवलंस तर मात्र तापमान पुन्हा उतरू लागतं.

उत्तर – गोळ्यांवाली
आमच्याकडे औषधाच्या गोळ्यांत एचपीएमसीचंही (सेल्युलोजपासून केलेला पॉलिमर) असंच. आधी पॉलिमर गार पाण्यात पूर्ण फुगू द्यायचा, क्षार नंतर. उलटं केलं की गुठळ्या तासन्‌तास हटत नाहीत. पीईजीच्या (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, हाही पाण्यात विरघळणारा पॉलिमर) द्रावणात सल्फेट भरपूर घातलं तर चक्क दोन थर होतात, वर पीईजी, खाली खारं पाणी. एन्झाइम वेगळे करायला तेच वापरतात.

प्रयोगवही
सर, आज थायोसायनेट घालून बघितलं. 32 ला बीकरमागची वहीची रेघ स्पष्ट दिसत होती, 33 ला पुसट झाली. आता उरलेल्या आठवड्यात नायट्रेट आणि आयोडाइड घेते. गोळ्यांवाली ताई, माझ्याही गुठळ्या त्याच उलट्या क्रमामुळे होत होत्या!