मदत हवी आहे: फिलाडेल्फियातलं पोलिश इंजिनिअर कोश्चुश्को यांचं घर, आईबाबांना घेऊन

रानवाट: न्यू जर्सीतल्या एडिसनहून ट्रेनने एका दिवसात जाऊन यायचं आहे. आईबाबा सत्तरीतले, आईचे गुडघे दुखतात. घर कधी उघडं असतं? जिना आहे का? अमेरिकेचं स्वातंत्र्य जिथे जाहीर झालं तो इंडिपेंडन्स हॉल त्याच दिवशी होईल का?

नदीकाठ: पहिली चूक इथेच होते, लोक मधल्या वारी किंवा हिवाळ्यात जातात आणि बंद दार बघून परततात. हे घर साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, तेही शनिवार-रविवारी दुपारी 12 ते 4 उघडं असतं. वेळा बदलतात, म्हणून निघण्याआधी राष्ट्रीय उद्यान सेवेचं पान पाहाच. प्रवेश मोफत.

एडिसन ते ट्रेंटन एनजे ट्रान्झिट (न्यू जर्सीची ट्रेन), तिथून सेप्टाची (फिलाडेल्फियाची लोकल) ट्रेन धरून जेफरसन स्टेशन. मग मार्केट स्ट्रीटखालच्या मेट्रोने सेकंड स्ट्रीट. तिथून थर्ड आणि पाइन स्ट्रीटचा कोपरा, म्हणजे हे घर, साधारण पाऊण किलोमीटर. फुटपाथ जुन्या विटांचे, वरखाली झालेले आहेत, आईंना सपाट तळाचे बूट घालायला सांगा. गुडघे फारच दुखत असतील तर जेफरसनहून सरळ टॅक्सी करा.

इंडिपेंडन्स हॉल सकाळी उरका. वर्षातले बहुतेक महिने वेळ ठरवलेलं तिकीट लागतं, ते ऑनलाइन आधी काढा. सुरक्षा तपासणीची रांग वेगळी, तिला वेळ ठेवा. स्वच्छतागृहही सिक्स्थ आणि मार्केटच्या व्हिजिटर सेंटरमध्येच उरकून घ्या.

गडवाट: जिन्याबद्दल. कोश्चुश्कोंची खोली 'सेकंड फ्लोअर'वर, म्हणजे आपल्या पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही. खालच्या मजल्यावरचं प्रदर्शन आईंना आरामात बघता येईल.

जागा 0.02 एकर, जेमतेम 870 चौरस फूट. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान व्यवस्थेतलं हे सर्वांत छोटं ठिकाण, त्यामुळे अर्धा तास पुरे. खोलीतलं सामान त्या काळाच्या धाटणीने मांडलेलं आहे, सगळं त्यांच्या हातचं समजू नका.

पण काहीही न वाचता गेलात तर 'एवढंच?' म्हणून बाहेर पडाल. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात सॅराटोगाची आणि वेस्ट पॉइंटची तटबंदी उभारणारा हा पोलिश इंजिनिअर 1794 च्या पोलंडच्या उठावात जखमी झाला, रशियाच्या कैदेतून सुटून 1797 मध्ये इथे भाड्याने राहिला. जखमांमुळे बराचसा वेळ अंथरुणावरच, म्हणून भेटायला माणसं वर येत. तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन आले, मायामी या मूळ अमेरिकी जमातीचा प्रमुख लिटल टर्टल आला. मे 1798 मध्ये निघताना त्यांनी मृत्युपत्र केलं: अमेरिकेतल्या आपल्या पैशातून गुलामांना विकत घेऊन मुक्त करावं, त्यांना शिकवावं. ते जेफरसनवर सोपवलं. जेफरसननी ते अमलात आणलं नाही आणि 1852 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं. त्या अरुंद खोलीचं मोल मला या कागदात वाटतं. आईंना वर जाता आलं नाही तरी ही हकिकत खाली बसून सांगा.

रानवाट: आभारी आहे. पुलास्की म्हणजे हेच का?

गडवाट: नाही, ते दुसरे पोलिश सेनानी, घोडदळाचे, 1779 मध्ये सव्हानाच्या लढाईत धारातीर्थी पडले. न्यू जर्सीतला पुलास्की स्कायवे हा उंच रस्ता त्यांच्या नावाचा.

नदीकाठ: चार वाजता दार बंद झालं तर शेजारच्या सेंट पीटर्स चर्चचं आवार बघा, 1761 चं आहे.