टोचनचा दांडा घट्ट वेल्ड करू नका
बंद ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून न्यायला (म्हणजे टोचनला) नायलॉनचा जाड दोर पुरतो, दांडा बनवणं फुकटचा खर्च, असं या चर्चेत एकाने लिहिलंय. सपाट शेतात ठीक आहे. पण आमच्या गोव्यातल्या डिचोलीकडच्या उतारांवर दोर सैल पडला की मागचा दीड टनाहून जड ट्रॅक्टर सरळ पुढच्यावर येतो, आणि जुन्या ट्रॅक्टरच्या ब्रेकवर भरवसा कोण ठेवणार? म्हणून दांडाच हवा. मात्र आम्ही पहिल्यांदा जी चूक केली ती करू नका. लोखंडी चॅनलचा इंग्रजी ए आकाराचा दांडा करून त्याची दोन्ही टोकं पुढच्या ॲक्सलला वेल्ड केली होती. ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर डावी-उजवीकडे झुलतो, हे तेव्हा लक्षातच आलं नाही. वायंगणी (उन्हाळी भाताच्या) शेताचा बांध ओलांडताना एक चाक वर चढलं आणि वेल्डच तुटलं. नंतर दोन्ही टोकांना पिनांचे सांधे केले, भोकं थोडी सैल ठेवली, प्रत्येक पिनेला ती निसटू नये म्हणून लिंच पिन (कडीवाली छोटी अडक पिन) लावली. पुन्हा तसं झालं नाही.

आणखी एक, याबाबत इथे कुणीच बोललेलं नाही. ओढणाऱ्या ट्रॅक्टरला दांडा मागच्या खालच्या ड्रॉबारलाच (ओढायच्या पट्टीलाच) जोडा, वरच्या टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी कधीच नको. ओढ मागच्या ॲक्सलच्या वर गेली की पुढची चाकं उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटून चालकाच्या अंगावर येतो. ओढल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरचा गिअर न्यूट्रलला ठेवा, स्टिअरिंगवर जाणता माणूस बसवा, चालण्याच्या वेगानेच न्या.