एचसीआयमध्ये (ह्यूमन-कम्प्युटर इंटरॅक्शन, म्हणजे माणसं फोन-संगणक कसे वापरतात त्याचा अभ्यास) पीएचडी करायची आहे: बीई कॉम्प्युटर, नोकरी, पेपर एकही नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पाच-सहा वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

मी पुण्यात असते, वय 30. 2017 साली पुणे विद्यापीठातून बीई कॉम्प्युटर, 64 टक्के. (सेकंड इयरला गणिताचा एम-थ्री राहिला होता, तेही सांगून टाकते.) दोन वर्षं टेस्टिंग केलं, मग यूएक्समध्ये, म्हणजे ॲप वापरायला सोपं करण्याच्या कामात, आले ती आजतागायत. पगार बरा आहे. पण माझा निम्मा दिवस बटण निळं की हिरवं यात जातो आणि उरलेला निम्मा ठरलेला रंग बदलण्यात.

पीएचडीचं खूळ डोक्यात शिरलं ते मामीमुळे. मामी खटाव तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. मुलांची वजनं, उंच्या, हजेरी, आहार, सगळं मोबाईलवर भरावं लागतं. दिवाळीत गेले तेव्हा तिचा फोन हातात घेतला, तर मागच्या पारदर्शक कव्हरच्या आत वहीच्या कागदाची चिठ्ठी. निळ्या बॉलपेननं लिहिलेलं: "1 घर. 2 हिरवं. 3 मूल. 4 वजन. मागे जायचं नाही!!" शेवटच्या ओळीखाली दोन रेघा. मागे गेलं की भरलेलं सगळं पुसलं जातं, हे ती तीनदा पोळल्यावर शिकली होती. दिवसा ती सगळं कागदाच्या रजिस्टरवर लिहिते आणि रात्री जेवणं उरकल्यावर रेंज बघून फोनवर चढवते. म्हणजे काम कमी व्हायला आणलेल्या ॲपनं काम दुप्पट झालं. शेजारच्या दोन गावांतल्या सेविकांनीही तिची चिठ्ठी उतरवून घेतली आहे. कोणी न सांगता या बायकांनी आपापसांत एक मॅन्युअल तयार केलंय आणि मला त्याचाच अभ्यास करायचाय.

आता प्रश्न. एमई किंवा एमडेस (डिझाइनची मास्टर्स) न करता थेट पीएचडीला घेतात का? जीआरई ही प्रवेशपरीक्षा लागते का? एकही पेपर नसताना अर्ज केला तर हसतील का? शिफारसपत्रं कोणाची घ्यायची? कॉलेजच्या सरांना मी आठवतही नसेन. आणि परदेशात जायचं की पवईत, आयआयटी मुंबईत, बसायचं? घरचे म्हणतात आधी लग्न, पण तो वेगळा धागा होईल.

जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कऱ्हाकाठ:
अमेरिकेत याच विषयात पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे, तेव्हा तिथलं सांगतो. चार वर्षांच्या बीईवर थेट पीएचडीला अर्ज चालतो. मी तसाच आलो. जीआरई आता बऱ्याच ठिकाणी मागत नाहीत, तरी प्रत्येक विभागाचं पान त्याच वर्षीचं वाचा. टोफेल किंवा आयईएल्टीएस मात्र बहुतेक सुटत नाही. टक्के आहेत तसेच लिहायचे, स्वतः चारच्या स्केलवर आणायच्या भानगडीत पडू नका.

पहिली अडचण येईल ती शोधताना. "एचसीआय डिपार्टमेंट" म्हणून शोधलंत तर निम्मी ठिकाणं हुकतील. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलनमध्ये या विषयाची स्वतंत्र संस्थाच आहे, पण जॉर्जिया टेकला तो कम्प्युटिंगच्या कॉलेजात "ह्यूमन-सेंटर्ड कम्प्युटिंग" नावानं आहे, सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात इंजिनीअरिंगखाली "ह्यूमन सेंटर्ड डिझाइन अँड इंजिनीअरिंग", तर मिशिगनला स्कूल ऑफ इन्फर्मेशनमध्ये. म्हणून विद्यापीठ सोडा, माणूस शोधा. सीएचआय ही आमची मुख्य परिषद, 2025ची योकोहामाला झाली. तिथले आरोग्यसेविकांवरचे, कमी साक्षर लोकांच्या फोनवापरावरचे पेपर काढा. तीच तीच आठ-दहा नावं पुन्हा पुन्हा येतील. तुमची यादी ती.

पैशांचं: प्रवेश मिळाला तर फी माफ आणि वर दरमहा स्टायपेंड, त्या बदल्यात शिकवण्याचं किंवा प्रोजेक्टचं काम. कर्ज काढून पीएचडी करू नये, कोणी सांगितलं तरी. अर्जाची फी मात्र खिशातून जाते, प्रत्येकी साधारण 75 ते 125 डॉलर. आठ अर्ज म्हणजे बऱ्यापैकी चाट. फी माफीसाठी विचारून बघा, काही ठिकाणी देतात.

आणि सध्याची हवा वाईट आहे, ते लपवत नाही. 2025 मध्ये सरकारी संशोधन-निधीला कात्री लागली आणि अनेक विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या. एकाच टोपलीत सगळी अंडी ठेवू नका.

खडूफळा:
मी इकडे शिकवते, मुलाखतींच्या पॅनेलवर बसलेली आहे. भारतातल्या पात्रतेबद्दल लिहिते, कारण त्यात फार घोळ असतो.

यूजीसीच्या 2022च्या नियमांत चार वर्षांच्या पदवीवर थेट पीएचडी आली खरी, पण त्याला 75 टक्के लागतात. तुमचे 64. म्हणजे त्या नियमांखालच्या विद्यापीठांत आधी मास्टर्स, तेही 55 टक्क्यांनी. आयआयटींचे नियम मात्र त्यांचे त्यांचे, आणि विभागागणिक वेगळे. जाहिरात नीट वाचा, अनुभव धरतात का, गेट किंवा सीड या प्रवेशपरीक्षांची अट आहे का ते बघा. पवईत हा विषय आयडीसीत, म्हणजे डिझाइनकडे आहे. मराठी टाइप करायला तुम्ही कदाचित वापरला असेल तो स्वरचक्र कीबोर्ड तिथलाच. आयआयटी गुवाहाटीला डिझाइन विभाग आहे, दिल्लीच्या ट्रिपलआयटीतही हे काम चालतं. जेआरएफ या संशोधन-शिष्यवृत्तीचा दर 2023 पासून 37,000 रुपये महिना, पुढे एसआरएफ (तिची वरची पायरी) झाल्यावर 42,000. पुण्यातला यूएक्सचा पगार सोडून यावर यायचं तर गणित आधी घरच्यांसमोर मांडा.

आता तुमच्या अर्जाबद्दल. पेपर नाही म्हणून कोणी हसत नाही. मुलाखतीत आम्ही एकच बघतो, या व्यक्तीला प्रश्न पडतो का आणि तो पडल्यावर ती काय करते. दरवर्षी पन्नास अर्ज येतात ज्यांत "मला वापरकर्त्यांच्या अनुभवाची आवड आहे" असं लिहिलेलं असतं. चिठ्ठी एकीच्याही अर्जात नसते. तुमची सुरुवात तिथून होऊ दे. पण एक मामी म्हणजे संशोधन नव्हे. शेजारच्या गावांतल्या त्या सेविकांना भेटा, सात-आठ जणींशी बोला. त्यांच्या चिठ्ठ्यांत काय सारखं आहे, काय वेगळं, कोणी कोणाची उतरवली, वेगळं का केलं, ते लिहून काढा. पाच-सहा पानं झाली की इंडिया एचसीआय परिषदेला पोस्टर म्हणून पाठवता येईल. नाही स्वीकारलं तरी अर्जात दाखवायला काहीतरी हातात राहील. आणि त्यांची संमती आधी घ्या, फोटोंसाठी तर वेगळी घ्या. त्या मानधनावर काम करतात, वरून कोणी विचारलं तर त्रास त्यांना होईल, तुम्हाला नाही.

रोखठोक:
तिशीत पाच-सहा वर्षं विद्यार्थी, मग बाहेर आल्यावर परत यूएक्सच? कंपन्यांत यूएक्स रिसर्चर म्हणून काम मिळवायला पीएचडी लागत नाही. तुमच्या मानगुटीवर पीएचडीचं भूत बसलंय म्हणून विचारतो.

कऱ्हाकाठ:
@रोखठोक, मुद्दा बरोबर आहे. नोकरीसाठीच असेल तर करू नये. पण त्यांनी नोकरी मागितलेली नाही, प्रश्न मांडलाय.

शिफारसपत्रांचं राहिलं होतं. बहुतेक ठिकाणी तीन लागतात. "विद्यार्थिनी सिन्सिअर आहे" असं न आठवणाऱ्या सरांकडून आणलंत तर ते नसल्यात जमा. एक सध्याच्या मॅनेजरचं चालेल, पण त्यांनी तुम्ही केलेल्या यूजर स्टडीबद्दल लिहायला हवं, डेडलाइन पाळल्याबद्दल नको. निदान एक तरी संशोधन करणाऱ्या माणसाचं हवंच, आणि ते एका महिन्यात उगवत नाही. म्हणून माझा सल्ला, या डिसेंबरची घाई करू नका. बहुतेक मुदती 1 ते 15 डिसेंबरच्या आसपास असतात. एक वर्ष मध्ये घ्या. बंगळुरूला मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये रिसर्च फेलो घेतात, एक-दोन वर्षांसाठी, आणि तिथे हेच काम होतं. तिथून पत्रंही चांगली मिळतात. मी आधी मेल न करताच अर्ज टाकले होते आणि पहिल्या वर्षी सगळीकडून नकार आला. दुसऱ्या वर्षी चौघांना मेल केले. आठ ओळी, त्यांच्या कोणत्या पेपरमधलं काय मला पटलं नाही ते आणि पुढच्या फॉलला (तिथल्या नव्या शैक्षणिक वर्षाला) विद्यार्थी घेणार का, बस. दोघांची उत्तरं आली. एक आता माझे गाइड आहेत.

पिंपळपान:
युरोपचंही बघा. डेन्मार्क, नेदरलँड्स, जर्मनीत पीएचडी म्हणजे नोकरीच, जाहिरात निघते, पगार मिळतो, तीन-चार वर्षं. मात्र बहुतेक ठिकाणी मास्टर्स झालेलं असावं लागतं, त्यामुळे तुमच्या बाबतीत अडेल. आणि तिथे बहुतेकदा प्रोजेक्ट त्यांचा असतो. मामीला घेऊन गेलात तर म्हणतील, आमच्याकडे रोबोट आहे, त्यावर करा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. रोबोटवर खूप हसले.

या डिसेंबरचा विचार सोडलाय. बंगळुरूच्या फेलोशिपवर लक्ष ठेवते आणि तोवर शनिवार-रविवारी खटावला जाऊन सेविकांना भेटायचं ठरवलंय. पाच जणी तयार आहेत, दोघी म्हणाल्या सुपरवायझर बाईंना विचारून सांगतो.

खडूफळा ताई, एक विचारायचं होतं. तुम्ही म्हणालात तसं काल मामीला फोन करून चिठ्ठीच्या फोटोची परवानगी मागितली. "घे की, पण नाव घालू नको," म्हणाली. रात्री तिनेच फोटो पाठवला. बघते तर कोरा कागद, पट्टीनं आखलेल्या ओळी, सुवाच्य अक्षर, "मागे जाऊ नये" हे लाल पेननं, आणि उद्गारचिन्ह एकच. जुनी फार मळली होती म्हणून टाकून दिली म्हणे. शेजारच्या गावातल्या कोणाकडे जुनीची नक्कल सापडली, तर ती धरता येते का?