मदत हवी आहे: हॅमिल्टनच्या थडग्यावरचं वय बरोबर की चूक?

मंडळी, आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी मुलांना न्यूयॉर्कमधल्या ट्रिनिटी चर्चच्या आवारातलं अलेक्झांडर हॅमिल्टनचं (अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री) थडगं दाखवायचंय, त्यासाठी एक पानभर मराठी माहिती लिहितेय आणि जन्मसालापाशी गाडी अडलीये. दगडावर सरळ कोरलंय, मृत्यू १२ जुलै १८०४, वय ४७, म्हणजे जन्म १७५७ चा. तो स्वतःही तेच सांगायचा. पण कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावर, जिथे तो लहानपणी राहायचा, १७६८ मध्ये आई गेल्यावर कोर्टाच्या कागदात त्याचं वय १३ लिहिलंय, म्हणजे १७५५ च्या आसपासचा जन्म! मला तो कागद जास्त पटतो, पण पोरं समोर दगड वाचणार आणि हातातल्या पानावर वेगळंच सगळं, मग काय करायचं? इतिहासवाल्यांपैकी कोणी सांगेल का, दोन्ही सालं द्यावीत की एकच?

आणि हो, पुढ्यातच त्याच्या बायकोची, एलायझाची आडवी शिळा आहे, ती ९७ वर्षांची होऊन १८५४ ला गेली, नवऱ्यामागे ५० वर्षं. लोक तिच्याकडे बघतही नाहीत हो, मला तिच्यावर नीट लिहायचंय. तिने काढायला मदत केलेल्या अनाथाश्रमाबद्दल वाचण्यासारखं काही असेल तर प्लीज सुचवा.