मुंबईतला सकाळचा नाश्ता: तुमची जागा कुठली, आणि तिथे पहिल्यांदा कोणी नेलं?

केवडा
परवा ह्यांची रक्ततपासणी होती, उपाशीपोटी. लॅब माटुंग्याला. बाहेर पडलो तेव्हा आठसुद्धा वाजले नव्हते, पोटात कावळे ओरडत होते आणि स्टेशनच्या बाजूने ओल्या मोगऱ्याचा नि केळीच्या पानांचा वास आला. मी तिथेच थांबले. ह्यांना म्हटलं, घरी नको, रामाश्रय.
बाबा रेल्वेत होते. रविवारची सुट्टी मिळाली की मला उठवून पहाटेच माटुंग्याला आणायचे. आधी आजीच्या पूजेची फुलं घ्यायची, पुडा माझ्या हातात. मग रामाश्रय. आम्ही पोचायचो तोवर फुलवाले आणि पेपरवाले खाऊन निघालेले असायचे. इडली यायची, सांबार यायचं, पण माझं लक्ष पायनॅपल शिऱ्याकडे. बाबा शेवटी कॉफी घ्यायचे. पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात, असा हात वर वर नेत ओतायचे आणि फेस आला की पहिला घोट मला द्यायचे. आईला सांगायचं नाही, मुलांनी कॉफी प्यायची नसते.
बाबांना जाऊन बराच काळ लोटला. परवा कॉफी आली आणि मी नकळत तशीच ओतायला लागले. हे बघतच राहिले.
तुमच्या जागा लिहा ना. दादर, गिरगाव, फोर्ट, उपनगरं, कुठलीही. नुसतं नाव नको, कोणाबरोबर जायचात तेही सांगा.

चाळकरी
गिरगाव. फणसवाडीचा नाका. विनय हेल्थ होम. मिसळ. बस्स.

चाळकरी
बरं, सविस्तर लिहितो, बायको भाजी आणायला गेलीय तेवढ्यात. आमच्या चाळीत पाडव्याला शोभायात्रा बघायची आणि मग विनयमध्ये मिसळ खायची हे ठरलेलं. नऊवारी नेसून बुलेटवर आलेल्या मुली, ढोलाचा पट्टा अजून खांद्यावर असलेली पोरं, सगळे एकाच रांगेत. एरवी कोणी रांगेत पुढे घुसलं तर भांडण होईल, पण त्या दिवशी ढोलवाल्यांना लोक आपणहून पुढे सोडतात. मला पहिल्यांदा मोठ्या काकांनी नेलं. त्यांचा नियम असा की पाव मोडून रश्श्यात टाकायचा नाही, बुडवून खायचा. आज काका ब्याऐंशीचे आहेत, अजून तसंच खातात.

सहा_अठराची_फास्ट
केवडाताई, कॉफीचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आता ट्रेनमध्ये आहे, रात्री लिहिते.

वाफाळता
महत्त्वाचा प्रश्न: मेदूवडा सांबारात बुडालेला की सांबार वेगळं?

खारी_बिस्किट
बुडालेला. हा काय प्रश्न झाला?

मोगरा_दादर
वेगळं!! कुरकुरीत वड्याला भिजवायचं कशाला?

वाफाळता
घरात याच विषयावर दोन पक्ष आहेत म्हणून विचारलं. मत नोंदवून घेतलंय.

खारी_बिस्किट
माझी जागा ग्रँट रोड स्टेशनाबाहेरचं मेरवान. १९१४ पासूनचं. मी विल्सनला होतो, पण पहिल्या लेक्चरआधी चर्नी रोडला न उतरता ग्रँट रोडला उतरायचं आणि मग चालत जायचं. सगळं मावा केकसाठी. सकाळी भट्टीतून ट्रे बाहेर यायचे. केक गरम असताना खालचा कागद सुटत नाही, तुपकट होऊन बोटांना चिकटतो, मग तो दातांनी खरवडायचा. उशीर झाला तर संपलेला. संगमरवरी टेबल, लाकडी खुर्च्या, बशीतून चहा पिणारे म्हातारे बावाजी. एक मित्र होता बरोबर, त्याच्याकडे बहुतेक वेळा पैसे नसायचे आणि माझ्याकडे बहुतेक वेळा वह्या नसायच्या, असं आमचं जमलं होतं.
२०१४ मध्ये बंद होणार अशी बातमी आली तेव्हा मी दोहाला. लोक रांगा लावून केक नेत होते. बहीण बोरिवलीहून पहाटेची गाडी पकडून गेली, एक डबा भरून आणला आणि तिच्या नणदेबरोबर, जी त्याच आठवड्यात इकडे येत होती, पाठवला. पोचेपर्यंत थोडा कोरडा झाला होता. मी आणि तो मित्र (तोही तेव्हा दोहातच) पार्किंगमध्ये गाडीत बसून खाल्ला. नंतर हॉटेल पुन्हा उघडलं, पण बहिणीची ती धावपळ मी विसरणार नाही.

मोगरा_दादर
अशी बहीण हवी 🙏

नाईट_ड्यूटी
जे.जे.मध्ये नर्स होते, आता निवृत्त. रात्रपाळी सुटली की आम्ही दोघी, मी नि माझी वॉर्डातली मैत्रीण, भेंडी बाजारात चालत जायचो. ती तिथलीच, डोंगरीत लहानाची मोठी झालेली. नूर मोहम्मदीमध्ये मला पहिल्यांदा तिने नेलं. सकाळी सकाळी नल्ली निहारी! आमच्या घरी सकाळी पोहे नाहीतर पोळीचा कुस्करा, त्यामुळे मी आधी नुसती बघत बसले. तिने नळी उचलली, ताटलीवर एकदा आपटली, मगज रोटीवर पडला, त्यावर लिंबू पिळलं, आल्याचे काप ठेवले आणि घास माझ्यासमोर धरला. रात्रभर मंद आचेवर शिजलेलं ते मटण बोटांनी सुटतं. मग रविवारच्या सकाळी मीच तिला ओढत न्यायला लागले. भिंतीवर चित्रकार एम. एफ. हुसेनसाहेबांनी काढलेलं चित्र आहे तिथे, त्यांना ही जागा आवडायची.
रात्री वॉर्डात कोणी दगावलं असेल तर आम्ही बोलायचो नाही. खायचो, चहा प्यायचो, ती मला स्टॉपपर्यंत सोडायला यायची. आता ती मुंब्र्याला मुलाकडे असते. हे लिहिता लिहिता तिला फोन केला, म्हणून उत्तर अर्धवट राहिलं होतं.

केवडा
नाईट_ड्यूटी ताई, काय बोलल्या त्या?

नाईट_ड्यूटी
म्हणाली गुडघे दुखतात, पण नेणार असशील तर येते.

साखरझोप
दादर. प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पीयूष. आजी संकष्टीला उपास करायची आणि उपास आहे म्हणूनच जायची, एरवी बाहेरचं खायची नाही. तिला चटणीसकट सगळं मान्य होतं. मला घरी मात्र तसा वडा कधी जमत नाही, तेलात फुटतो. कोणी सांगेल का?

मोगरा_दादर
साबुदाणा भिजवताना पाणी जास्त होतंय. धुऊन निथळून घे आणि जेमतेम त्याच्या पातळीइतकंच पाणी ठेव. रात्रभर झाकून. सकाळी दाणा बोटाने दाबला की पूर्ण मोडला पाहिजे. बटाटा गार झाल्यावर कुस्करायचा, गरम असताना चिकट होतो.

साखरझोप
आणि तेल?

मोगरा_दादर
चांगलं तापलेलं, वडा टाकल्यावर आच मध्यम. एका वेळी दोनतीनच. लगेच उलटायला जाऊ नकोस.

पिंपळपार
वडील लालबागला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. रात्रपाळी सुटली की थेट घरी येत नसत, खोलीत आम्ही सगळे अजून झोपलेले असायचो, आडवं व्हायला जागा नसायची. म्हणून ते नाक्यावरच्या इराण्याकडे बसत. ब्रून मस्का आणि पानी कम, म्हणजे कमी पाण्याचा कडक चहा. ब्रून कडक लागायचा त्यांना, चहात धरून ठेवायचे, लोण्याचे पिवळे ठिपके चहावर तरंगायला लागले की मग तोंडात. शाळेला सुट्टी असली की आई मला बोलवायला पाठवायची आणि मग अर्धा ब्रून माझा.
१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. पाळी नव्हती तरी ते त्याच वेळी जाऊन बसायचे. एक चहा, बाकी काही नाही. पेपर आळीपाळीने सगळे वाचायचे. इराणी गल्ल्यावरून बघायचा पण एकालाही कधी उठ म्हणाला नाही. मी गेलो की माझ्यासमोर खारी ठेवायचा आणि ती बिलात नसायची. वडिलांना ते आवडायचं नाही, पण पोराच्या पुढ्यातली बशी ते मागे सारायचे नाहीत.
ते हॉटेल राहिलं नाही. आता लालबागला गेलो की लाडू सम्राटमध्ये मिसळ खातो, चांगली असते. मुलाला मी तो नाका दाखवलाय.

सहा_अठराची_फास्ट
पिंपळपार, हे तुम्ही कुठेतरी नीट लिहून ठेवा. मुलासाठी तरी.

चाळकरी
माझे मामा त्याच संपात गावी गेले, ते परत आलेच नाहीत मुंबईला. मालवणला दुकान टाकलं. तुमचं वाचून त्यांची आठवण झाली.

पिंपळपार
आमच्या मजल्यावरची कितीतरी बिऱ्हाडं गेली तशी. कोकणात, साताऱ्याकडे.

पार्लेकरीण
नाश्त्याची जागा नाही, नाश्त्याचा वास सांगू का? पार्ले पूर्वेला शाळेत होते. बिस्किटांच्या कारखान्याचा वास सकाळी शाळेच्या वाटेवर भेटायचा, गोड, भाजलेल्या पिठाचा. गाडीत डोळे मिटून बसलेल्यांनाही पार्लं आलं ते कळायचं. २०१६ ला तो कारखाना बंद झाला. माझी मुलगी आता त्याच रस्त्याने जाते आणि मी तिला दर वेळी सांगते, तीही ऐकून घेते बिचारी.

वाफाळता
+१. मी पार्ल्याचा नाही, अंधेरीचा, पण दारात उभा राहून तो वास घेतलाय. आणि मेदूवड्याचा निकाल अजून लागलेला नाही.

नवीन_चपला
इथे सगळे मोठे लिहितायत म्हणून जरा बिचकतेय. माझी आठवण ताजीच आहे. पहिल्या पगारात आईला बांद्र्याला ब्रंचला नेलं. सव्वाअकराचं टेबल. आई सवयीने आठला पोहे खाऊन आली होती, म्हणाली तुझं ब्रंच म्हणजे आपण पाहुण्यांकडे दुसऱ्यांदा खातो तेच ना. मेनू वाचायला चष्मा आणला नव्हता म्हणून मी वाचून दाखवला. पोच्ड अंडी मागवली. पाव, वर पालक, वर ते थरथरणारं अंडं. आईने काट्याचं टोक लावलं, बलक पालकावरून खाली उतरला आणि तिने लगेच माझ्याकडे बघितलं. मग वेटरला विचारलं, हिरवी मिरची मिळेल का. त्याने खरंच आतून चिरून आणून दिली.
बिल तिच्यापासून लपवलं. तिने ते काढून घेतलं, वाचलं, घडी केली आणि पर्समध्ये ठेवलं. रागावली नाही. नंतर तीनचार मावश्यांना फोनवर सांगताना ऐकलं, लेकीने नेलं होतं म्हणून.

केवडा
नवीन_चपला, बिचकू नकोस गं. आईने बिल जपून ठेवलं असणार बघ.

आंबेमोहोर
माटुंग्याचं निघालंच आहे तर किंग्ज सर्कल. आम्ही यूडीसीटीवाले, माटुंग्याच्या केमिकल टेक्नॉलॉजीच्या कॉलेजातले. म्हैसूर कॅफे हाच आमचा कट्टा. मुकेश अंबानीसुद्धा यूडीसीटीचे, त्यांनीही म्हैसूर कॅफेची आवड जाहीरपणे सांगितलीय, हे आम्ही प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो. जर्नल पूर्ण करायचं असेल तर सकाळीच तिथे भेटायचं. एकाने डोसा मागवायचा, चौघांनी चटणी. अभ्यासापेक्षा त्या सकाळी जास्त लक्षात आहेत, आणि ज्याचं जर्नल आम्ही सगळे उतरवायचो तो आज प्राध्यापक आहे.
नंतर नोकरी लागल्यावर कॅफे मद्रास. रस्सम वडा घ्या. (वाफाळता, तिथे बुडालेलाच येतो. लागला निकाल.)

वाफाळता
घरी दाखवतो.

ठाणेकर_ताई
ठाणं धरता का मुंबईत? धरत नसलात तरी लिहिते. मामलेदार मिसळ, तहसील कचेरीला लागून. सातबाराच्या कामाला सासऱ्यांबरोबर गेले होते, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्यांच्यासमोर मोकळेपणी बोलायची सवय नव्हती. त्यांनी दोन तिखट सांगितल्या. मला जमेल का हे विचारलंच नाही. मी पण बोलले नाही. नाकातून पाणी, कपाळावर घाम, दोघांच्याही. शेवटी त्यांनी त्यांचा रुमाल पुढे केला आणि म्हणाले, पुढच्या वेळी मध्यम घेऊ. तेव्हापासून कचेरीचं काम निघालं की मलाच हाक मारायचे.

मोगरा_दादर
सासऱ्यांचं आवडलं 😊

सहा_अठराची_फास्ट
मी लिहिते म्हणाले होते. डबा भरता भरता लिहितेय. माझी जागा रुईयासमोरचं मणीज, ते तिथे होतं तेव्हाचं. सांबार पुन्हा पुन्हा वाढायचे. निकालाच्या दिवशी मला कमी मार्क पडले म्हणून घरी जायचं नव्हतं, तर मैत्रिणीने तिथे बसवून ठेवलं दुपारपर्यंत. बाकीचं उद्या, कुकर झाला.

साखरझोप
साबुदाणा भिजवलाय. केवडाताई, एकदा जमूया का सगळे? माटुंग्याला? मद्रासला?

आंबेमोहोर
मद्रास सोमवारी बंद असतं, लक्षात ठेवा. रविवारी रांग मोठी. सातला पोचलात तर बसायला मिळेल.

नाईट_ड्यूटी
मी मैत्रिणीला घेऊन येईन. तिला जिना नको, खाली टेबल धरा.

ठाणेकर_ताई
रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असला तर बऱ्याचदा माटुंगा-मुलुंड असतो. आम्ही येणार कशा?

आंबेमोहोर
ब्लॉक अकराच्या सुमारास लागतो. तोवर सगळ्यांची कॉफी होऊन जाईल.

केवडा
चालेल. पुढचा की त्याच्या पुढचा रविवार, ते सांगा.