आयडलला आरपीएम झुलतोय, पी०१७१ कोड: हवा नेमकी कुठून शिरतेय?

प्रश्न:
चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, एमएएफ (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) सेन्सरवालं. आयडल (रेस न देता इंजिनाचा वेग) ७५० आरपीएम हवं, ते ९०० ते ११०० मध्ये झुलतं. पी०१७१ (मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी) येतोय. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय त्याचा मुरलेला आकडा) आयडलला +२२%, २५०० आरपीएमला +५%. एअर फिल्टर नवा, एमएएफ साफ केलाय. व्हॅक्यूम लीकच समजायचा का? कार्ब क्लीनर मारून बघू?

उत्तर १:
हो, लीकच. आयडलला थ्रॉटल जवळपास बंद, इंजिनाला हवा थोडीच लागते, म्हणून फटीतून शिरलेली, एमएएफने न मोजलेली हवा जाणवते. रेस दिली की तिचा वाटा घटतो. रेस देऊनही ट्रिम तसाच राहिला किंवा चढला असता, तर फ्युएल प्रेशर तपासा म्हटलं असतं.

कार्ब क्लीनर कृपा करून नको. गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर किंवा ठिणगी गळणाऱ्या प्लग वायरवर पडला तर भडका उडतो. त्यापेक्षा स्कॅनरवर शॉर्ट टर्म ट्रिम (त्या क्षणाचा आकडा) लावून ठेवा आणि पीसीव्ही (क्रँककेसमधला वायू इंजिनात ओढणारा व्हॉल्व्ह), ब्रेक बूस्टर, पर्ज (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) यांचे रबरी पाइप एकेक करून फडकं गुंडाळलेल्या पकडीने दाबा. जो दाबल्यावर ट्रिम धाडकन खाली येईल, लीक त्याच बाजूला. प्लास्टिकचा पाइप दाबू नका, तडकतो; तो काढून तोंड बंद करा. पीसीव्हीच्या पाइपचं वळण खालच्या बाजूने चिरतं, वरून दिसत नाही. बोट फिरवून बघा.

उत्तर २:
पर्ज व्हॉल्व्हसाठी: इंजिन थंड असताना चालू करा, कॅनिस्टरकडचा (पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या डब्याकडचा) पाइप काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवा. ओढ लागली तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. इनटेक मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाचं) गॅस्केटही थंडपणीच तपासा, कारण तापल्यावर धातू फुगून फट बुजते आणि लक्षण गायब होतं.

उत्तर ३:
पाइपांत काही सापडलं नाही तर स्मोक मशीन (धूर भरून फट दाखवणारं यंत्र). इंजिन बंद, एअर फिल्टरकडून येणाऱ्या पाइपचं तोंड बंद, धूर बूस्टरच्या पाइपातून. दाब ०.५ ते १ पीएसआय, त्याहून जास्त दिला तर सील उखडतात. डिपस्टिक किंवा ऑइलच्या झाकणातून धूर आला तर तोही लीकच धरा, पीसीव्ही तिथूनच हवा ओढतो.

हे वाचणाऱ्या एमएपीवाल्यांनी (एमएएफऐवजी मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर असलेल्यांनी) मात्र ट्रिमवर विसंबू नये. तिथे सेन्सर लीकमुळे मॅनिफोल्डचा वाढलेला दाब वाचतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो, ट्रिम ठीक दिसतो आणि आयडल नुसतं चढतं.

दुरुस्तीनंतर कोड पुसा, थोडी गाडी चालवा. आयडलला ट्रिम ±१०% च्या आत आला नाही, तर दुसरी फट शिल्लक आहे.