मूर्तीत देव खरोखर असतो, की आपण तसं धरून चालतो?

उंबरठा:
'मूर्ती हे नुसतं प्रतीक, मन एकाग्र व्हावं म्हणून' असं शिकलेली माणसं सर्रास म्हणतात. मला पटत नाही. आषाढीला पंढरपुरात विठ्ठलाचा निजायचा पलंग काढून ठेवतात. देव रात्रंदिवस दर्शनाला उभा, म्हणून पाठीशी लोड देतात. वारी पांगली की प्रक्षाळपूजा, म्हणजे देवाला न्हाऊ घालणं, आणि रात्री शिणवटा जावा म्हणून चक्क काढा. प्रतीकाला शीण येतो का? तुळजापुरात तर भवानीची मूळ मूर्तीच सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात, तीही वर्षातून तीनदा. देव तिथे आहे हे धरल्याशिवाय यातलं काहीच करता येत नाही. वैष्णव आचार्य रामानुजांच्या परंपरेत याला अर्चावतार म्हणतात: वैकुंठात आहे तोच पूर्ण देव मूर्तीत, फक्त इथे तो भक्तावर अवलंबून. उठवाल तेव्हा उठणार, भरवाल ते खाणार.

कोरडा पाषाण:
म्हणजे 'नुसतं प्रतीक' म्हणणारे सगळे इंग्रजी शाळेतून आले, असं का? वेदातल्या यज्ञविधींचा अर्थ लावणारं मीमांसादर्शन, त्यावरचं शबरस्वामींचं भाष्य काढा. देवतेला शरीर नाही, ती यज्ञातली आहुती खात नाही, तिच्या मालकीचं काही नसतं, असा चांगला सविस्तर युक्तिवाद आहे. आणि हे वेदाला प्रमाण मानणारे लोक! आपल्याकडे तुकोबांनीच 'पाषाण देव पाषाण पायरी' म्हणून ठेवलंय. एकाला पुजता, दुसऱ्यावर पाय देता. सार तो भाव.
शिवाय गणपती बघा. सकाळी आवाहन, प्राणप्रतिष्ठा. उत्तरपूजेला अक्षता वाहून मूर्ती जराशी हलवली की देव गेला, उरली माती. भटजींच्या हाताच्या हालचालीवर येणारा-जाणारा देव मला तरी झेपत नाही.

चंद्रभागेकाठचा:
खरी गोम हाताचीच आहे. देव मूर्तीत म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, किल्ली कुणाकडे? मे 1947 मध्ये साने गुरुजींनी उपोषण केलं, विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं झालं. तेव्हा काही सनातन्यांनी देवाचं तेज मंत्रांनी घागरीत काढून घेतलं, अशी हकीकत सांगतात. म्हणजे आता हवं त्याने दर्शन घ्या, आत उरलाय दगड! 'दिव्य सान्निध्य' वगैरे वाचायला छान वाटतं, पण ते असं माणसं बाहेर ठेवायलाही वापरलं गेलंय.

उंबरठा:
घागरीची गोष्ट माझ्याच बाजूची आहे हो. तेज काढलं म्हणे, पण वारी थांबली का? पायावर डोकं ठेवताना कुणी विचारलं, की आत आहे ना अजून? गणपतीचंही तेच. शास्त्राप्रमाणे उत्तरपूजेला देव गेलेला असतो. तरी घाटावर पुन्हा आरती होते, आणि छाती-छाती पाण्यात उतरलेला माणूस मूर्ती दोन्ही हातांनी जपून खाली नेतो, धोंडा टाकावा तशी टाकत नाही.

कज्जेदलाल:
कोर्टाचं सांगतो, कारण दरवेळी कुणीतरी 'कायद्यानेही देव मानलाय' म्हणतंच. 1925 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या शेवटच्या अपील कोर्टाने, कुलदेवतेची मूर्ती विधिमान्य व्यक्ती (कायद्याच्या लेखी व्यक्ती) ठरवली. 2019 च्या अयोध्या निकालातही रामलल्ला स्वतः पक्षकार होते. पण त्याच निकालात स्पष्ट आहे, की कायदा व्यक्तित्व देतो ते अर्पण करणाऱ्याच्या धर्महेतूला, परमेश्वराला नव्हे. आत देव आहे की नाही, यात न्यायाधीश पडलेले नाहीत. शहाणे लोक.

कोरडा पाषाण:
उंबरठा, तुम्ही मोहरा बदललात. सुरुवात केलीत पलंग, काढा, लोड यांपासून, म्हणजे पुजाऱ्यांच्या व्यवस्थेपासून. घागर निघाली तशी साक्ष वारकऱ्यांची काढलीत. विधीने देव येत असेल तर विधीने जाईलही, मग घागरवाले बरोबर. जात नसेल तर प्राणप्रतिष्ठेची गरजच काय? शेंदूर फासलेल्या धोंड्याला कुणी न्यास, म्हणजे अंगाला हात लावून मंत्र, केले होते?

उंबरठा:
विधी म्हणजे आमंत्रण. पाहुणा आल्यावर कधी जायचं, हे आमंत्रण देणारा ठरवत नाही. शेंदराच्या धोंड्यापाशी तो न बोलावता आला असेल, मला त्यात काही अडचण दिसत नाही.

कोरडा पाषाण:
मग अर्चावतार गेला. 'उठवाल तेव्हा उठणार' हे तुमचंच वाक्य. स्वतःच्या मर्जीने येणाऱ्या-राहणाऱ्या देवाला काढा कशाला लागतो, तेवढं सांगा.